नागपूरचे उद्योग, वाहतूक आणि पर्यावरणाचे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर येथील लहान कारखानदारांचे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचे अर्ज भरून देणे आणि वाहतूकदारांची कागदपत्रे मार्गी लावणे, हे आमचे रोजचे काम आहे. पुढील प्रश्न त्याच कामात पुन्हा पुन्हा समोर आलेले असून, काही कार्यालयात, तर बरेचसे टपरीवरच्या चहाबरोबर विचारले गेले आहेत. नियम काय सांगतो आणि तो नागपुरात प्रत्यक्ष कसा उतरतो, या दोन्ही गोष्टी उत्तरांत दिल्या आहेत; कारण आमच्या अनुभवात बहुतेकांची फसगत नियमामुळे होत नाही, त्याच्या मुदतीमुळे होते.

प्रश्न : हवेच्या बाबतीत नागपूरला वेगळे नियम लागू आहेत का?

वेगळा कायदा नाही. मात्र जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नागपूरचे नाव आहे. सलग पाच वर्षे हवेचे राष्ट्रीय मानक गाठू न शकलेली शहरे या यादीत घेतली गेली. हे मानक २००९ सालचे असून, त्यानुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हेच आकडे १५ आणि ५ असे ठरवले, तेव्हा आपल्या मानकात बसणारी हवा म्हणजे निर्धोक हवा, असे कोणी समजू नये. धूलिकण २०२४ पर्यंत २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे सुरुवातीचे उद्दिष्ट पुढे वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के करण्यात आले.

यादीत नाव असण्याचा उद्योगांवर होणारा परिणाम थोडा आडवळणाचा आहे. वीजकेंद्रे आणि वीटभट्ट्या यांच्याबाबतच्या अधिसूचना ‘अशा शहरापासून दहा किलोमीटरच्या आत’ अशा भाषेत लिहिलेल्या असतात आणि अंतराप्रमाणे मुदत बदलते. म्हणून कारखाना असो वा भट्टी, शहरापासूनचे आपले अंतर एकदा नकाशावर नीट मोजून, त्याची प्रत फाइलमध्ये लावून ठेवावी.

प्रश्न : कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवणे बंधनकारक आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षांत इतक्या वेळा बदलले आहे, की ते क्रमानेच सांगावे लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी उत्सर्जनाची नवी मर्यादा घातली. त्यापूर्वी सल्फर डायऑक्साइडला धुराड्याच्या तोंडाशी मर्यादाच नव्हती. धुराडे उंच बांधले की भागत असे. २०१५ च्या अधिसूचनेने २०१६ पर्यंत सुरू झालेल्या ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांना घनमीटरला २०० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान संचांना ६०० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरवून दिली. मुदत दोन वर्षांची होती. ती पाळली गेली नाही आणि २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग पाडून प्रत्येकाला वेगळी तारीख देण्यात आली, त्या तारखा २०२२ मध्ये पुढे गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी पुढे गेल्या. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने क वर्गातील केंद्रांना, म्हणजे देशातील बहुसंख्य संचांना, धुराड्याच्या उंचीची अट पाळल्यास या मर्यादेतून वगळण्यात आले. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे अ वर्गात येतात आणि त्यांना ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत आहे; मानक न गाठलेल्या शहरांजवळची किंवा अतिप्रदूषित क्षेत्रांजवळची केंद्रे ब वर्गात येतात आणि त्यांचा निर्णय प्रकरणपरत्वे होतो. तेव्हा कोराडी आणि खापरखेड्याचे उत्तर त्यांचा वर्ग कोणता, यावर ठरते.

यंत्रणेचे नाव बोलताना सगळे ‘एफजीडी’ असेच घेतात. धुराड्याकडे जाणारा वायू चुनखडीच्या पाण्यातून नेला जातो, गंधक चुनखडीशी संयोग पावते आणि जिप्सम तयार होते, जे सिमेंट कारखान्यांना विकता येते. यंत्रणेला पाणी लागते, केंद्राने तयार केलेल्या विजेतील थोडा हिस्सा लागतो आणि भांडवली खर्च मोठा असून तो शेवटी वीजदरात येतो. सवलतीच्या बाजूने सरकारचे म्हणणे असे, की भारतीय कोळशात गंधक मुळात कमी असते, साधारण अर्धा टक्का, आणि बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण मानकाच्या आतच असते.

या युक्तिवादात एक खाच आहे, ती सांगणे आवश्यक वाटते. सल्फर डायऑक्साइड हवेत गेल्यावर वायूच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते अडीच मायक्रॉनच्या मोजणीत, धुराड्यापासून कित्येक किलोमीटर दूर, जमा होतात. त्यामुळे वायूची मोजणी नियमात आणि धुळीची मोजणी नियमाबाहेर, असे चित्र दिसू शकते. खापरखेड्याला राहणारे आमचे एक सहकारी मार्चमध्ये माळ्यावरून कूलर उतरवतात, नव्या वाळ्याच्या ताट्या बसवतात आणि मे संपता संपता त्या ताट्यांवर बोट फिरवले की बोट राखाडी होते. ती राख आहे, ती दिसते आणि तिच्यासाठी राखशोषक यंत्रे बसवलेली असतात. गंधकाचे तसे नाही. ते दिसत नाही, म्हणून त्याची तक्रार होत नाही, आणि तक्रार नसलेल्या गोष्टीची मुदत वाढवणे सोपे जाते.

प्रश्न : मोठ्यांना मुदतवाढ आणि लहानांना दंड, असेच सगळीकडे असते का?

सगळीकडे नाही. वाहनांच्या बाबतीत उलट घडले. वाहनांच्या धुराच्या मानकांची भारत स्टेज चार ही पायरी १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाली आणि त्यानंतर पाच क्रमांकाची पायरी गाळून थेट भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून आली. वाहन कंपन्यांनी जुना साठा विकण्यासाठी सवड मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती नाकारली. तेल कंपन्यांना डिझेल आणि पेट्रोलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणावे लागले आणि त्यांनी ते वेळेत केले. म्हणजे एकाच देशात, एकाच दशकात, एका उद्योगाची तारीख हलली नाही आणि दुसऱ्याची चार वेळा हलली. आमच्या मते दोन्हींतला फरक तंत्रज्ञानाचा नव्हता; तारखेवर कोणी ठाम राहिले की नाही, एवढाच होता. लहान कारखानदाराला मात्र मुदतवाढ मिळेल या भरवशावर बसता येत नाही, कारण त्याच्यासाठी दिल्लीत जाऊन बोलणारे कोणी नसते.

प्रश्न : वीजकेंद्राची राख वापरणे आता सक्तीचे आहे का? ती फुकट मिळते का?

राख निर्माण करणाऱ्या केंद्रावर सक्ती आहे. पहिली अधिसूचना १९९९ ची. सध्या लागू असलेली ३१ डिसेंबर २०२१ ची असून, तिच्यानुसार केंद्राने आपली सगळी राख तीन ते पाच वर्षांच्या चक्रात वापरात आणली पाहिजे. न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये पर्यावरण भरपाई आहे, आणि जुन्या राखतलावांत साठलेली राखही टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत, हलवायची आहे.

वापरणाऱ्यांवरही बंधन आहे. केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामे, रस्ते आणि बंधारे यांत राखेपासून बनवलेला माल वापरायचा आहे. नागपूरच्या भोवती इतकी कोळशाची केंद्रे आहेत, की विदर्भाचा फार मोठा भाग या वर्तुळात येतो. म्हणूनच गेल्या काही वर्षांत इथे मातीच्या विटेची जागा राखेच्या विटेने इतक्या झपाट्याने घेतली. राखेच्या विटेबद्दल गवंड्यांची तक्रार असते ती अशी, की वीट नीट भिजवली नाही तर गिलावा सुटतो. तक्रार खरी आहे आणि उपाय तोच आहे, नीट भिजवणे.

कोरडी राख आणि तलावातली ओली राख यांत गल्लत करू नये. राखशोषकातून निघालेली कोरडी राख सिमेंट कारखान्यांना हवी असते, तिला गिऱ्हाईक आहे. पाण्याबरोबर पाटातून तलावात सोडलेली राख कोणालाच फारशी नको असते, आणि धोका तिचाच आहे. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बंधारा फुटला, राखेचा गाळ शेतांत पसरला आणि कोलार नदीमार्गे कन्हानपर्यंत गेला. कन्हान ही नागपूरला पाणी पाजणारी नदी आहे. राखेची वाहतूक झाकलेल्या वाहनातून करणे बंधनकारक आहे. ताडपत्री मागच्या फाळक्याला नुसती अडकवून निघालेला ट्रक पारशिवनी रस्त्यावर कोणीही पाहिला असेल, आणि त्याची जबाबदारी चालकाइतकीच माल भरून देणाऱ्याची असते.

प्रश्न : आमची कन्हानकाठी मातीची वीटभट्टी आहे. ती बंद करावी लागेल का?

बंद नाही, पण बदलावी लागेल. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने भट्ट्यांना नागमोडी, म्हणजे झिगझॅग पद्धतीची रचना, उभी भट्टी किंवा पाइपने येणारा नैसर्गिक वायू यांपैकी एक स्वीकारण्यास सांगितले. मानक न गाठलेल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आतील भट्ट्यांना एक वर्ष आणि बाकीच्यांना दोन वर्षे मिळाली होती. दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत. झिगझॅग रचनेत गरम हवा विटांच्या थरांतून वळणे घेत जाते, कोळसा कमी लागतो आणि पहिल्या प्रतीची वीट अधिक निघते. हे भट्टीवाल्यांनीच आम्हाला सांगितले आहे. रचायला मात्र जाणता कारागीर लागतो.

प्रश्न : वीजकेंद्रे शहराचे पाणी पळवतात, हे खरे आहे का?

पूर्वी जितके खरे होते, तितके आता नाही, आणि हे एका धोरणाने झाले आहे. जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात असे कलम आहे, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीजकेंद्राने तेथील प्रक्रिया केलेले पाणी वापरले पाहिजे. नागपूरने याची सुरुवात धोरण येण्याआधीच केली होती. भांडेवाडीच्या केंद्रात दररोज १३ कोटी लिटर सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीला पाठवण्याची योजना महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती यांनी मिळून उभी केली. नाग नदीत गेले असते ते पाणी नळाने वीजकेंद्रात जाते आणि पेंचचे तितके पाणी पिण्यासाठी उरते. पर्यावरणाच्या नियमाने उद्योगाचे नुकसानच होते, असे मानणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावे. वीजकेंद्राला उन्हाळ्यातही खात्रीचे पाणी मिळते, कारण मे महिन्यात धरण आटले तरी शहराचे सांडपाणी आटत नाही.

प्रश्न : माझा कारखाना लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा, हे कोण ठरवते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची यादी ठरवते; मालक नाही आणि सल्लागारही नाही. प्रत्येक उद्योगाला प्रदूषणाचा निर्देशांक दिलेला असतो. २०१६ च्या सूत्रात ६० आणि त्याहून अधिक गुण म्हणजे लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा आणि २० पर्यंत पांढरा, असे होते. पांढऱ्या वर्गाला संमतीपत्र लागत नाही, राज्याच्या मंडळाला कळवणे पुरते. २०२५ मध्ये गुणांच्या या सीमा आणि यादी सुधारून निळा वर्गही जोडण्यात आला, तो कचरा व्यवस्थापनासारख्या अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी आहे.

इतरांना जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ यांखाली दोन टप्प्यांत संमती घ्यावी लागते : उभारणीपूर्वी एक आणि उत्पादन सुरू करण्यापूर्वी दुसरी. इथे होणारी नेहमीची चूक आम्ही दर महिन्याला पाहतो. फॅब्रिकेशनचे दुकान म्हणून संमती घेतलेली असते, धंदा वाढतो, मग मागच्या शेडमध्ये कोणीतरी आम्लाचे दोन हौद मांडून लोखंड धुणे किंवा जस्ताचा मुलामा देणे सुरू करते. मालकाच्या दृष्टीने तो तोच कारखाना असतो. यादीच्या दृष्टीने मात्र तो आता लाल वर्गातला असतो, त्याला सांडपाणी प्रक्रिया लागते, घातक कचऱ्याची परवानगी लागते आणि हौदाच्या तळाशी बसलेला गाळ ९० दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात ठेवता येत नाही. हा गाळ बुटीबोरीच्या सामाईक घातक कचरा केंद्रात पाठवून त्याची पावती जपावी. तपासणीत पहिल्यांदा पावतीच मागितली जाते.

प्रश्न : नियम मोडल्यास आता तुरुंगवास होत नाही, असे ऐकले. खरे का?

जनविश्वास कायदा २०२३ ने वायू कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदा यांतील बऱ्याच गुन्ह्यांची शिक्षा काढून तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला आणि तो १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. दंड न्यायालयाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. याने कारखानदार सुटला, असा निष्कर्ष काढू नये. पूर्वी खटला वर्षानुवर्षे रेंगाळत असे आणि शिक्षा क्वचितच होत असे. आता आदेश टेबलावरूनच निघू शकतो. शिवाय दंड भरला नाही, तर तुरुंगवासाची तरतूद कायम आहे आणि कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा मंडळाचा अधिकारही कायम आहे.

प्रश्न : जनरेटर बदलावाच लागेल का?

जुना आहे तो लगेच नाही. १ जुलै २०२३ पासून बनणाऱ्या ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना नवे कडक मानक लागू आहे, त्यामुळे नवा घेताना किंमत जास्त पडते. ज्यांचा जनरेटर वर्षातून मोजके तास चालतो, त्यांनी घाई करू नये.

प्रश्न : स्टेज सहाचा ट्रक घेतला आणि सारखा बंद पडतो. गाडी वाईट की नियम वाईट?

बहुतेक वेळा दोन्ही नाहीत. गाडी चुकीच्या कामाला लावलेली असते. स्टेज चारच्या तुलनेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा जड ट्रकसाठी साधारण आठपट खाली आली. ती गाठण्यासाठी धुराच्या नळीत दोन गोष्टी आल्या. एक गाळणी, जी काजळी अडवते. दुसरी युरियाची फवारणी, जी नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करते. चालक मंडळी दोन्हींना मिळून ‘युरियावाली गाडी’ म्हणतात. या द्रवात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो आणि उरलेले क्षारविरहित पाणी. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात ढवळून टाकण्याचा प्रयोग वाडीच्या एका मालकाने केला आणि त्याच्या फवारणीच्या तोटीत क्षारांचा पांढरा खडा धरला. दुरुस्तीला जो खर्च आला, त्यात त्याची दोन वर्षांची युरियाची बचत बुडाली.

गाळणीचे दुखणे वेगळे आहे. तिच्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी धूर बराच तापावा लागतो, आणि तो तापतो महामार्गावर, सलग वेगात. वाठोड्याहून कळमन्याच्या बाजारात, तिथून इतवारीत, दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीची गाळणी कधीच पुरेशी तापत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, चालक तो दोन दिवस पाहतो आणि तिसऱ्या दिवशी गाडी आपली ताकद आपोआप कमी करून चढावर उभी राहते. उपाय साधा आहे : दिवा लागल्या दिवशी गाडी बाह्यवळण रस्त्याने अर्धा-पाऊण तास सलग चालवावी, किंवा उभ्या गाडीत काजळी जाळण्याचे बटण असल्यास ते मोकळ्या जागी वापरावे. गाळणी कापून नळी सरळ जोडून देणारे मिस्त्री नागपुरात आहेत. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पुढच्या फिटनेसला आणि गाडी विकताना ते उघडे पडते.

प्रश्न : दिल्लीसारखी दहा वर्षांच्या डिझेल गाडीला नागपुरात बंदी आहे का?

नाही. डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांचा तो आदेश हरित लवादाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी दिला होता. नागपुरात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करता येते. त्यासाठी तपासणी, वाढीव शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकृत होत नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, खासगी गाडीला २५ आणि व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत.

दिल्लीच्या आदेशाचा नागपूरवर एक परिणाम झाला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. तिथे चालू न शकणाऱ्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात दिल्ली किंवा हरियाणा पासिंगची चकचकीत डिझेल मोटार स्वस्तात दिसली, तर ती स्वस्त का आहे, हे खरेदीदाराने ओळखावे. एका शहराची हवा सुधारली आणि धूर दुसऱ्या शहरात आला, याला धोरण म्हणणे कठीण आहे.

प्रश्न : पीयूसी मिळाली म्हणजे गाडी प्रदूषण करत नाही, असे समजावे का?

नाही. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेल गाडीत फक्त धुराचा गडदपणा मोजला जातो. नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. प्रमाणपत्र स्टेज चार आणि त्यापुढील गाड्यांना वर्षभर, जुन्या गाड्यांना सहा महिने चालते. ते नसल्यास मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

प्रश्न : सीएनजी, एलएनजी की वीज? नागपूरच्या वाहतूकदाराने कशात पैसा घालावा?

या शहराने एवढे प्रयोग पाहिले आहेत, की इथल्या वाहतूकदाराला उत्साहापेक्षा सावधपणा अधिक आहे आणि तो योग्यच आहे. २०१४ साली इथे इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली, मोठा गाजावाजा झाला आणि काही वर्षांत ती गेली. मे २०१७ मध्ये विजेवरच्या ॲप-टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथेच झाला; पण चार्जिंगच्या जागा थोड्या होत्या, रांगा लागत आणि नागपूरच्या उन्हाळ्यात एसी लावून गाडी चालवली की पल्ला घटतो, हे चालकांना पहिल्याच उन्हाळ्यात उमगले. सीएनजीचे गणित वायूवाहिनीवर अवलंबून असते. नागपूरला वायू बराच काळ टँकरने, द्रवरूपात आणून इथे पुन्हा वायू करून विकला जात होता, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये इथला भाव किलोला १२० रुपयांवर गेला होता. मुंबईतल्या रिक्षाचालकाचे हिशेब ऐकून इथे किट बसवणाऱ्यांचे हात तेव्हा पोळले.

एलएनजीची गोष्ट वेगळी आहे. वायू उणे १६२ अंशांना थंड करून द्रव केला, की थोड्या जागेत पुष्कळ मावतो आणि जड ट्रक एका टाकीत शेकडो किलोमीटर जातो. जुलै २०२१ मध्ये देशातले पहिले खासगी एलएनजी भरणा केंद्र नागपुरात कामठी मार्गावर सुरू झाले. ४४ आणि ५३ क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, तेव्हा जागा अचूक निवडली होती. असे केंद्र काढायचे असल्यास परवाना देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय सेमिनरी हिल्सवरच आहे, ही नागपूरकरांची एक सोय.

ठरलेल्या मार्गावर, रोज रात्री एकाच ठिकाणी परतणाऱ्या गाडीला वीज परवडते : कारखान्याची बस, बाजारातला तीनचाकी टेम्पो, शाळेची व्हॅन. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणानुसार त्यावर विजेच्या मोटारींना आणि बसना पथकर माफ आहे. लांब पल्ल्याच्या मालवाहतुकीला मात्र आज तरी डिझेलच सुटसुटीत पडते, आणि हे आम्ही नाइलाजाने सांगतो.

प्रश्न : वन्यजीवांसाठी रस्ते अडवून ठेवल्याने वाहतुकीचे नुकसान होत नाही का?

सिवनीकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाचे चौपदरीकरण पेंचच्या जंगलात वर्षानुवर्षे रखडले, तेव्हा ही तक्रार घरोघरी होती. शेवटी रस्ता झाला, आणि त्याखालून प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले गेले, त्यांतला सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्राणी त्याखालून जाताना टिपले गेले. खर्च वाढला, हे खरे. पण आता रात्री देवलापारच्या पुढे ट्रक सलग वेगात जातो आणि रस्त्यावर अचानक आडवे येणारे जनावर, जे चालकाच्याही जिवावर बेतत असे, बहुतांशी खालून जाते. हे मार्ग पहिल्याच आराखड्यात असते, तर ती वर्षे वाचली असती.

प्रश्न : युरोपला माल पाठवतो. कार्बन कराचे काय?

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांच्या आयातीसोबत उत्सर्जनाची माहिती मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला आहे. कर तिथला आयातदार भरतो, पण आकडे इथल्या कारखान्याला द्यावे लागतात. वीजबिले आणि कोळशाच्या पावत्या महिनावार लावून ठेवा. आकडे न दिल्यास तिकडून गृहीत आकडा धरला जातो आणि तो सहसा तुमच्या सोयीचा नसतो.

प्रश्न : जनसुनावणीला जाऊन काही उपयोग होतो का?

होतो, जर तयारीने गेले तर. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात आणि प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ च्या अखेरीस अशी सुनावणी झाली, ती भर उन्हात आणि मोठ्या बंदोबस्तात. मंजूर औद्योगिक वसाहतीतील प्रकल्पांना मात्र ही सुनावणी लागू नसते.

मराठी सारांश आधी मिळवून वाचावा. त्यातले मराठी बहुधा यंत्राने वाटावे असे असते, म्हणून आकड्यांची कोष्टके मूळ इंग्रजी अहवालाशी ताडून पाहावीत. बोलताना एकच मुद्दा घ्यावा आणि तो लेखीही द्यावा, कारण ‘प्रदूषण वाढेल’ या वाक्याला ‘उपाययोजना करण्यात येईल’ एवढेच उत्तर मिळते. ‘सारांशातील राखेचा आकडा आणि राखतलावाची क्षमता यांचा मेळ बसत नाही’ याला तेवढ्यावर भागवता येत नाही. सुनावणीच्या शेवटी उपस्थित झालेल्या मुद्द्यांचे टिपण स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. जेवणाच्या वेळेला सभागृह रिकामे होते आणि ते वाचन रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. आपला मुद्दा त्यात आला आहे, हे कानांनी ऐकल्याशिवाय उठू नये.